खुंट्यांना हात न लावण्याची शिस्त

गिटार शिकायला आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी जे नियम सांगितले जातात त्यांत एक नियम सहसा चुकत नाही: खुंट्यांना हात लावायचा नाही, वाद्य सर लावून देतील. आम्हांलाही तो सांगण्यात आला आणि आम्ही तो बरीच वर्षे इमानाने पाळला. नियमामागचे कारण समजण्यासारखे होते. नवशिक्याच्या हातून पहिली तार ताणली जाऊन तुटते, मग तासातली पंधरा मिनिटे नवी तार चढवण्यात जातात. परंतु कारण विसरले गेले तरी नियम उरतो, हे आपण व्याकरणाच्या तासाला पाहिले आहे; वाद्याच्या तासालाही तेच घडते. पाच-सहा वर्षे गिटार वाजवणारी, चाळीस-पन्नास गाणी 'बसवलेली' मुले आम्हांला भेटतात. आपल्या सहा तारा कोणत्या नात्याने लावलेल्या आहेत आणि त्या तशाच का, हा प्रश्न त्यांना एकदाही पडलेला नसतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हा प्रश्न पडू नये अशीच शिकवण्याची सगळी व्यवस्था आहे, आणि आमचे भांडण त्या व्यवस्थेशी आहे.

आमचा वर्ग जिथे भरे तिथेच शेजारच्या खोलीत शास्त्रीय गाण्याची शिकवणी चाले. तिथल्या बाई पहिली दहा मिनिटे तंबोरा लावण्यात घालवीत आणि त्या दहा मिनिटांना शिकवणीचाच भाग मानीत. एका संध्याकाळी तंबोऱ्याचा आवाज नेहमीपेक्षा निराळा आला. पंचमाची तार मध्यमात लावली होती, कारण त्या दिवशी मालकंस शिकवायचा होता आणि मालकंसात पंचम नाही. आम्ही आमच्या सरांना विचारले, "सर, आपणही गाण्याप्रमाणे तारा बदलायच्या का?" सर म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं. तू आधी बारे कॉर्ड नीट दाब." मधली भिंत वीतभर जाडीची असेल. पण तिच्या एका बाजूला वाद्य रागासाठी लावले जात होते आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक गाणे, ते कोणाचेही असो, वाद्याच्या ठरलेल्या लावणीत बसवले जात होते. गंमत अशी की मध्यमात लावलेल्या तंबोऱ्याला आपल्याकडे कोणी 'पर्यायी' तंबोरा म्हणत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी निक ड्रेक या इंग्रज गायकाचे 'पिंक मून' हे गाणे आमच्या कानी पडले. त्याच नावाचा त्याचा संग्रह १९७२ सालचा. शीर्षकगीतातला पियानोचा एक छोटा तुकडा सोडला तर त्या संग्रहात त्याचा आवाज आणि गिटार एवढेच आहे. गाणे शिकायचेच असे ठरवून आम्ही कॉर्डांचा कागद मिळवला. कागदावर तीन-चार ओळखीची अक्षरे होती. कॅपो लावून आम्ही ती वाजवली. एकही अक्षर चुकले नाही, चाल ओळखू येत होती, ऐकणाऱ्यांनी मानाही डोलावल्या. पण ते गाणे आमच्या गिटारमधून आलेच नाही. निकच्या वादनात जो एक खोल, सतत चालणारा घुमार खाली वाहतो आणि ज्याच्यावर बारीक तारा आपापसांत किंचित घासत राहतात, त्यातले काहीच तिथे नव्हते. आम्ही आमच्या बोटांना दोष दिला, मग गिटारला दिला. पुढे उलगडले की त्या गाण्यासाठी तारा जाडीकडून बारकीकडे सी, जी, सी, एफ, सी, ई अशा लावलेल्या आहेत. सी हा षड्ज धरला तर सा, प, सा, म, सा, ग. खाली षड्ज-पंचमाचा पाया, आणि वर शुद्ध मध्यम व शुद्ध गंधार दोन्ही मोकळ्या तारांवर, एकाच वेळी झंकारायला सज्ज. आमच्या कागदावरची अक्षरे खोटी नव्हती. ती त्या गाण्याचा सारांश होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना सारांश या वस्तूची ओळख करून द्यायला नको. परीक्षेच्या आधी बाजारात येणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत प्रत्येक कवितेखाली 'कवीला असे म्हणायचे आहे की' या शब्दांनी सुरू होणारा एक परिच्छेद असतो. त्यात कवितेतले बहुतेक सगळे असते. जाते ती कविता. अशा परिच्छेदावर वर्गात टीका करणारे आमचे कितीतरी मित्र संध्याकाळी घरी गिटार घेऊन नेमके तेच करतात, आणि तिथे त्याला 'गाणे येते' असे म्हणतात.

थोडे तपशिलात जाऊ. आज जिला स्टँडर्ड ट्यूनिंग म्हणतात तिच्यात तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. शेजारच्या दोन तारांत सगळीकडे षड्ज-मध्यमाचे अंतर, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत षड्ज-गंधाराचे. जाड ईला षड्ज मानून सहा मोकळ्या तारा छेडल्या तर सा, म, कोमल नि, कोमल ग, प, सा असे काहीसे अर्धवट ऐकू येते. ही लावणी कोणत्याही एका स्वराच्या बाजूने नाही. म्हणूनच ती सोयीची आहे. स्वरसप्तक बोटांच्या आवाक्यात राहते, सहा तारांचे कॉर्ड हाताला झेपतात, एका कार्यक्रमात चार निरनिराळ्या पट्ट्यांतली गाणी खुंटीला हात न लावता वाजवता येतात. ही तडजोड हुशारीची आहे आणि तिच्यावर फार मोठे संगीत उभे आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण तडजोड ती तडजोडच. सहा सुट्या तारांची गिटार रुळली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस; त्याआधी पाच जोडतारांची गिटार होती. सतराव्या शतकातले फ्रेंच ल्यूटवादक तर निरनिराळ्या लावण्या सर्रास वापरीत. सृष्टीच्या आरंभापासून गिटार ई-ए-डी-जी-बी-ई अशीच लावलेली आहे अशा थाटात जे शिकवले जाते, त्याला इतिहासाचा आधार नाही.

आता तीच गिटार घ्या आणि सहावी, दुसरी व पहिली या तीन तारा प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवा. मिळते ते डी, ए, डी, जी, ए, डी. अक्षरे जोडून वादक तिला 'डॅडगॅड' म्हणतात. डी हा षड्ज धरला की सा, प, सा, म, प, सा. यात गंधार नाही, कोमलही नाही आणि शुद्धही नाही. पाश्चात्त्य कान ज्या स्वरावरून मेजर की मायनर, हर्षाचे की विषादाचे, असा निवाडा करतो, तो स्वर या लावणीने मोकळा ठेवला आहे. तो वादकाने ठरवायचा, किंवा न ठरवता तसाच राहू द्यायचा. शिवाय तिसऱ्या तारेचा मध्यम आणि दुसऱ्या तारेचा पंचम शेजारी शेजारी मोकळे असल्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून टिकतात. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये असे लगतचे स्वर बहुधा एकाच तारेवर येतात, म्हणून दुसरा वाजला की पहिला संपतो. डॅडगॅडमधली गिटार हार्पसारखी वाहते ती यामुळे. हे कॉर्डांच्या नावांतून कळत नाही. कागदावर दोन्हीकडे एकच 'डी' लिहिलेला असतो.

ही लावणी रूढ केली डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाने, १९६०च्या दशकाच्या आरंभी. मोरोक्कोत ऊद ऐकून, त्या वाद्याच्या संगतीला बसता यावे म्हणून त्याने तारा उतरवल्या. दुसऱ्याच्या घरी बसायचे तर आपली बैठक बदलावी लागते, एवढी साधी ही गोष्ट. पुढे जिमी पेजने १९६९च्या 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये ती वापरली तेव्हा साथीला विराम जसानी यांचा तबला होता. त्या चालीचे मूळ बर्ट जॅन्शने वाजवलेल्या एका लोकगीतात आहे. अल्जीरियात जन्मलेला फ्रेंच वादक पिएर बेन्सुसान याने तर डॅडगॅड हेच आपले घर मानले. म्हणजे एकाची वाट दुसऱ्याचा राजरस्ता झाला. अशा वेळी 'पर्यायी' हा शब्द आम्हांला खटकू लागतो. पर्यायी म्हणजे कोणाला पर्यायी? पिएर बेन्सुसानला पर्याय वाटत असेल तर तो स्टँडर्ड ट्यूनिंगचाच असेल.

हा शब्दाचा कीस नव्हे. मराठी वाचकाला हे प्रकरण चांगले माहीत आहे. आपल्याकडे एका बोलीला प्रमाण म्हटले आणि उरलेल्या सगळ्या तिच्यावरून मोजायला लागलो. मग खानदेशी 'अशुद्ध' झाली, मालवणी विनोदाला उरली. बहिणाबाई चौधरींची कविता १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली तेव्हा ती प्रमाण मराठीत 'सुधारून' छापली असती तर काय उरले असते, हा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो आणि मुले बरोबर उत्तर देतात: अर्थ उरला असता. तेच उत्तर त्यांनी गिटार हातात असताना द्यावे, एवढेच आमचे मागणे. प्रमाण भाषा लागते. अर्ज त्याच भाषेत करावा, परिपत्रक त्याच भाषेत काढावे. पण ओवी ज्या बोलीत सुचली त्या बोलीतच ती शिकावी लागते, आणि त्यासाठी शिकणाऱ्याला आपली जीभ थोडा वेळ वेगळी वळवावी लागते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. ते आम्ही वर्गात, मैफलीनंतर आणि चहाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांना उत्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा की हा आळशांचा मार्ग आहे: तारा आधीच कॉर्डात लावायच्या, मग एक बोट आडवे टाकले की झाले. याचे उत्तर जोनी मिचेल. लहानपणी, नवव्या वर्षी, तिला पोलिओ झाला आणि डावा हात अशक्त राहिला. प्रचलित कॉर्डांचे अवघड पेच तिला जमेनात म्हणून ती मोकळ्या लावण्यांकडे वळली. आता आळसाची कसोटी लावून पाहा. तिच्या लावण्यांची संख्या पन्नासाच्या पुढे गेली. १९७६च्या 'हेजिरा' या संग्रहातल्या 'कायोटी'साठी सी, जी, डी, एफ, सी, ई आणि त्याच संग्रहातल्या 'अमीलिया'साठी सी, जी, सी, ई, जी, सी. बोटांची ठेवण सोपी, पण तिच्यातून निघणारे कॉर्ड असे की त्यांना नाव देताना शिकलेले लोक अडखळतात. हाताने जे सोडले ते कानाला दुप्पट करावे लागले. तिची लिहिण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सर्वांत जाड तारेचे अक्षर लिहायचे आणि पुढे आकडे: प्रत्येक तारेवर कितवा पडदा दाबला की पुढची तार मिळते, ते. स्टँडर्ड ट्यूनिंग म्हणजे ई ५५५४५. डॅडगॅड म्हणजे डी ७५५२५. यात तारांची नावे नाहीत, तारांची नाती आहेत. ज्याला ही एक ओळ वाचता आली त्याला लावणी म्हणजे काय ते समजले.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे: आधी स्टँडर्ड ट्यूनिंग पक्की होऊ द्या, मग हवे ते करा. ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण हे 'मग' कधी येत नाही, हा आमचा अनुभव. 'आधी पाठांतर, मग आस्वाद' या क्रमाने शिकलेल्यांच्या आस्वादाचे काय झाले ते साहित्याच्या शिक्षकांनी सांगावे. आणि इतिहास या क्रमाच्या बाजूने नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत नवशिक्यांच्या हाती 'स्पॅनिश फँडँगो' ही रचना दिली जाई; तिच्या तारा डी, जी, डी, जी, बी, डी. क्रिमियन युद्धातल्या वेढ्याच्या नावाची 'सिबॅस्टोपोल' ही दुसरी रचना डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी या लावणीत होती. दोन्ही रचना हेन्री वॉरल या शिक्षक-संगीतकाराच्या नावाने छापल्या गेल्या. रचना मागे पडल्या, पण मिसिसिपीकडच्या ब्लूज वादकांच्या तोंडी लावण्यांची नावे 'स्पॅनिश' आणि 'वेस्टापोल' अशीच राहिली. एका लष्करी वेढ्याचे नाव झिजत झिजत दुसऱ्याच खंडातल्या गरीब माणसांच्या गिटारची बोली झाले. यातल्या कित्येकांनी आधी 'प्रमाण' लावणी पक्की करून मग इकडे वळावे असे कोणी त्यांना सांगितले नव्हते.

तिसरा आक्षेप व्यवहारी: ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. कळत नसेल. पण वाजवणाऱ्याला कळतो, आणि शिकणे ही ऐकणाऱ्याच्या वतीने करायची गोष्ट नाही. ज्या शिक्षकाने वर्गात 'मुलांना कुठे कळतं' असे एकदा म्हटले त्याला यापुढे काय सांगावे?

इथवर आमच्याशी सहमत असलेल्या काही मित्रांशीही आमचे भांडण आहे. लावण्यांभोवती गूढ उभे करणारा एक पंथ आहे. त्यांच्या लेखी ही गुरुकिल्ली आहे, ती फक्त प्रतिभावंतांना लाभते आणि सांगायची नसते. हवाईत या प्रवृत्तीचे जुने रूप सापडते. तिथे १८३०च्या दशकात मेक्सिकोकडच्या गुराख्यांबरोबर गिटार आली आणि स्थानिकांनी आपल्या गाण्याला मानवतील अशा तारा सैल सोडल्या. 'की होआलू' या नावाचा अर्थच खुंटी सैल करणे. या लावण्या घराण्यांनी गुपित म्हणून जपल्या. गिटार खाली ठेवण्याआधी तारा विस्कटून ठेवीत, असे सांगतात. आपल्याकडच्या चिजा राखून ठेवणाऱ्या बुजुर्गांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे नवे नाही. गुपित राखण्यामागे भय असते, कधी ते रास्तही असते. पण गुपित राखून विद्या टिकत नाही. पुढे याच हवाईतल्या वादकांनी शिकवणीची पुस्तके काढली आणि त्यामुळे ती विद्या जगली.

मग सगळे छापून टाकले की झाले का? तेही नाही. आज कोणत्याही गाण्याचा टॅब मिळतो: सहा रेघा, त्यांवर पडद्यांचे आकडे, वर लावणीची सहा अक्षरे. आकड्यांप्रमाणे बोटे ठेवली की गाणे निघते. पद्धत नवी नाही, वाईटही नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बीबरने व्हायोलिनसाठी ज्या 'रोझरी सोनाटा' लिहिल्या, त्या १५ सोनाटांपैकी पहिली तेवढी नेहमीच्या लावणीत आहे. उरलेल्या १४ सोनाटांसाठी तारा निराळ्या लावाव्या लागतात. तिथेही कागदावर लिहिलेले असते ते बोट कुठे ठेवायचे ते. कानाला येते ते निराळेच. पण बीबर वाजवणारा स्वर ओळखणारा असतो, म्हणून डोळा आणि कान यांतली ही फारकत त्याला जागे ठेवते. आमच्या मुलाला ती झोपवते, कारण तारा लावून देणारे यंत्र गिटारच्या डोक्याला चिमटलेले असते आणि हिरवा दिवा लागला की त्याचे काम संपते. खुंट्यांना हात न लावण्याची शिस्त आता यंत्राच्या देखरेखीखाली हात लावण्याच्या शिस्तीत बदलली आहे. ऐकणे तेव्हाही नव्हते, आताही नाही.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. डॅडगॅड घ्या आणि यंत्र बाजूला ठेवा. तुमच्या गिटारवर डी आणि ए हे स्वर चौथ्या आणि पाचव्या तारेवर आधीच आहेत. चौथी तार छेडा आणि सहावी उतरवत न्या, ती बरोबर एक सप्तक खाली मिळेपर्यंत. मग पहिली उतरवा, चौथीच्या एक सप्तक वर. मग दुसरी, पाचवीच्या एक सप्तक वर. स्वराच्या थोडे खाली जाऊन मग वर चढवत आणा, म्हणजे तार टिकते. जुळण्याच्या अलीकडे दोन स्वर आंदोलतात, आंदोलने मंदावतात, मग थांबतात. त्या थांबण्याला पहिल्या दिवशी अर्धा तास लागेल. नंतर सहा तारा सा, प, सा, म, प, सा अशा तोंडाने म्हणा. त्यानंतरच टॅबकडे वळा आणि प्रत्येक आकड्याखाली कोणता स्वर आहे ते गाऊन पाहा. एका लावणीत एक ऋतू राहा. दहा लावण्यांतली दहा गाणी बोटांत बसवणे ही पुन्हा तीच पाठांतराची परीक्षा आहे, फक्त अभ्यासक्रम वाढला.

आमच्या म्हणण्याविरुद्ध जाणारे एक उदाहरण आम्हीच देतो. २०१५ साली जोनी मिचेलच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. चालणे, बोलणे, वाजवणे सगळे तिला पुन्हा शिकावे लागले. २०२२ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात ती गिटार घेऊन उभी राहिली, तेव्हा तिने सांगितले की बोटे कुठे ठेवायची हे पाहण्यासाठी ती आपल्याच जुन्या चित्रफिती पाहत होती. ज्या बाईने या लावण्या घडवल्या तिलाही शेवटी हाताच्या जागा पाहूनच परतावे लागले. तेव्हा बोटांच्या जागा पाहण्यात कमीपणा नाही, टॅबमध्ये नाही, चित्रफितीतही नाही. आक्षेप आहे तो तिथेच थांबण्याला.

शेजारच्या खोलीतल्या बाई दहा मिनिटे तंबोरा लावीत, तेव्हा त्यांचे विद्यार्थी गप्प बसून ऐकत. आम्ही भिंतीच्या अलीकडे, सरांनी लावून दिलेल्या गिटारवर, तोवर दोन गाणी वाजवून मोकळे झालेलो असू. आम्हांला वाटे, त्यांचा वेळ फुकट जातो आहे. आज वाटते की त्या दहा मिनिटांत त्यांना जे शिकवले जात होते तेच आमच्या अभ्यासक्रमातून वगळले होते. ते परत आणावे, आणि पहिल्या दिवशीचा तो नियम उलटा करावा: आधी खुंट्यांना हात लावायचा, आणि लावताना ऐकायचे.